स्वतःच्या दाराची किल्ली : वर्कहाउस, पाच शिलिंग आणि घरी राहण्याचा हक्क

१/ १ जानेवारी १९०९, शुक्रवार. ब्रिटनमधील टपाल कार्यालयांत त्या दिवशी सत्तरी ओलांडलेली माणसे येऊ लागली. कोणी काठी टेकत, कोणी शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून. कारकुनापुढे कुपनांचे छोटे पुस्तक ठेवायचे आणि पाच शिलिंग घ्यायचे, एवढाच व्यवहार. रक्कम साध्या शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीच्या निम्म्याहूनही कमी होती. तरीही या पाच शिलिंगांनी लाखो वृद्धांच्या मनातील एक जुने भय सैल केले. ते भय कशाचे होते आणि कोठून आले, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ मूळ प्रश्न साधा आहे. माणूस म्हातारा झाला, हात चालेनासे झाले, मिळकत थांबली. अशा वेळी त्याला मदत कोठे द्यायची? तो राहतो त्या घरी, की मदत जेथे ठेवली आहे त्या इमारतीत? इंग्लंडमधील गरिबांविषयीच्या कायद्यांचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास याच दोन टोकांमध्ये झोके घेत राहिला. घरी दिलेल्या साहाय्याला तेथील कायद्याच्या भाषेत ‘बाहेरचे साहाय्य’ म्हणत आणि संस्थेत दिलेल्या साहाय्याला ‘आतले’. या ‘आत’ आणि ‘बाहेर’ शब्दांतच प्रशासनाची दृष्टी दिसते. वृद्धाचे स्वतःचे घर म्हणजे ‘बाहेर’!

३/ सुरुवात १६०१ पासून करू. राणी पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या अखेरच्या पर्वात गरिबांचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चभोवतीच्या स्थानिक वस्तीने, घरमालकांकडून व जमीनधारकांकडून कर गोळा करायचा आणि आपल्या हद्दीतील अपंग, वृद्ध व निराधार यांचा सांभाळ करायचा. त्यासाठी दरवर्षी गावातलेच लोक देखरेखीदार म्हणून नेमले जात. राजधानीचे लक्ष दूर होते; पैसा गावाचा, निर्णय गावाचा आणि वृद्धही गावाच्या ओळखीचा.

४/ या पॅरिशांच्या हिशेबवह्या आजही इंग्लंडमधील दफ्तरखान्यांत आहेत, आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्या खजिन्यासारख्या आहेत. एखाद्या विधवेला आठवड्याला काही पेन्स, हिवाळ्यात सरपण, एक जोड बूट, खोलीचे भाडे, आणि ती आजारी पडली की तिची शुश्रूषा करणाऱ्या शेजारणीला मेहनताना. ही शेवटची नोंद विशेष लक्षात घ्यावी. ‘घरी येऊन सेवा करणारी बाई’ ही विसाव्या शतकाची कल्पना आहे असे आपल्याला वाटते; पण तिचा पगार सतराव्या शतकातील खतावण्यांत नोंदलेला आहे.

५/ मात्र हे सुवर्णयुग नव्हते. त्याच १६०१ च्या कायद्यात एक कलम होते : ऐपत असलेल्या मुलांनी वृद्ध आईवडिलांचा सांभाळ केलाच पाहिजे. म्हणजे ‘पूर्वी मुले आपसूक सांभाळत’ हे तेव्हाही पूर्ण सत्य नव्हते. अन्यथा कायदा कशाला लागला असता? आणि १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांवर एक चिन्ह लादले. उजव्या बाहीवर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर आणि सोबत पॅरिशचे आद्याक्षर. घर शाबूत राहिले, पण गरिबी अंगावर मिरवावी लागली. हा कायदा १८१० मध्ये रद्द झाला.

६/ मग आले १८३४. औद्योगिक क्रांती, वाढती लोकसंख्या, फुगलेला गरीब-कर आणि ‘फुकटची मदत माणसाला आळशी करते’ हा त्या काळचा प्रबळ सिद्धान्त. नव्या कायद्याने अनेक पॅरिशांचे संघ केले आणि वर्कहाउस ही संस्था व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आणली. तत्त्व असे होते : वर्कहाउसमधील जीवन हे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जीवनापेक्षा कमी आकर्षक असले पाहिजे, म्हणजे खरा गरजूच दार ठोठावेल. हे तत्त्व धडधाकट बेकारांसाठी रचले होते. परंतु कालांतराने त्या भिंतींआड मोठ्या संख्येने उरले ते वृद्ध, आजारी आणि अनाथ.

७/ आत गेलेल्याचे काय होई? स्वतःचे कपडे काढून घेतले जात व संस्थेचे दिले जात. पुरुष एका विभागात, स्त्रिया दुसऱ्या. चाळीस-पन्नास वर्षे एका चुलीपाशी बसलेले पतिपत्नी दारातच वेगळे होत. यावर टीका झाली, तेव्हा १८४७ मध्ये साठीपुढील दांपत्यांना वेगळे होण्याची सक्ती करू नये अशी तरतूद झाली. पण जोडप्यासाठी निराळी खोलीच नसेल तर तरतुदीचा उपयोग कागदापुरता. आणि अनेक ठिकाणी तेच घडले.

८/ त्याहून खोल भीती मरणानंतरची होती. १८३२ च्या शरीररचना कायद्यानुसार वर्कहाउसमध्ये मेलेल्या आणि कोणी ताब्यात न घेतलेल्या गरिबाचे शव वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी देता येई. पूर्वी ही शिक्षा फाशी गेलेल्या खुन्यांना होती. आता ती गरिबीच्या वाट्याला आली, असे लोकांना वाटले तर नवल नाही. म्हणूनच इंग्लंडमधील गरीब कुटुंबे पोटाला चिमटा काढून अंत्यविधीच्या विम्याचे हप्ते भरत. आपल्या माणसाची ‘पॅरिशच्या खर्चाने’ मूठमाती होऊ नये, ही इभ्रतीची शेवटची रेषा होती.

९/ येथे एक गैरसमज टाळायला हवा. १८३४ नंतर सगळे वृद्ध वर्कहाउसमध्ये कोंबले गेले, असे झाले नाही. बहुतेकांना घरीच तुटपुंजी मदत मिळत राहिली, कारण ती स्वस्त पडे. खरी चिमटी बसली १८७० च्या दशकात. ‘बाहेरचे साहाय्य’ बंद करण्याची मोहीमच तेव्हा निघाली. ठरलेले पेन्स थांबवायचे, ‘हवे तर आत या’ म्हणायचे. आणि बरेच वृद्ध आत येण्याऐवजी मदतच सोडून उपासमार पत्करायचे. हिशेबात मात्र गरिबांची संख्या घटलेली दिसे. आकडा कमी होणे आणि दुःख कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतिहास वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

१०/ याच दशकात हा वाद आपल्या दख्खनपर्यंत पोहोचला. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात धडधाकट माणसे खडी फोडायला व रस्त्याच्या कामावर जात. पण म्हातारे, आंधळे, पांगळे यांचे काय? हिंदुस्थानात इंग्लंडसारखा गरिबांचा कायदा नव्हता. तात्पुरती अनाथगृहे उघडली गेली; तेथे शिजवलेले अन्न मिळे, पण घरदार सोडून जावे लागे आणि लोक ते टाळत. १८८० च्या दुष्काळ आयोगाने काम करू न शकणाऱ्यांना त्यांच्या गावीच धान्य किंवा पैसा देण्याची पद्धत मांडली. पुढील दुष्काळसंहितांत तिला जागा मिळाली. ‘आत की बाहेर’ हा प्रश्न असा सातासमुद्रांपलीकडे येऊन पोहोचला होता.

११/ इंग्लंडमध्ये दरम्यान एका जहाज-व्यावसायिकाने आकडे गोळा करायला घेतले. त्याचे नाव चार्ल्स बूथ. लंडनच्या गल्ल्यांचे गरिबीनुसार रंगवलेले त्याचे नकाशे अनेकांनी पाहिले असतील. त्याने १८९४ मध्ये वृद्ध गरिबांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. निष्कर्ष तत्कालीन नीतिशास्त्राला हादरा देणारा होता : म्हातारपणीची गरिबी ही प्रायः दुर्गुणांचे फळ नसून केवळ म्हातारपणाचे फळ आहे. आयुष्यभर काटकसरीने जगलेला मजूरही साठी-सत्तरीत कंगाल होतो, कारण मजुरीत शिल्लक पडण्याइतके कधी नव्हतेच. त्याचा उपाय : सर्वांना, कोणतीही चौकशी न करता, आठवड्याला पाच शिलिंग.

१२/ वाट दाखवणारे इतरही होते. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्व विम्याचा कायदा केला. त्यात कामगाराला हप्ता भरावा लागे. डेन्मार्कने १८९१ मध्ये आणि न्यूझीलंडने १८९८ मध्ये करातून दिले जाणारे निवृत्तिवेतन आणले. ब्रिटनने १९०८ मध्ये दुसरी वाट निवडली. अ‍ॅस्क्विथ पंतप्रधान होते आणि विधेयक लॉइड जॉर्ज यांनी पार पाडले. वय किमान ७०. वार्षिक उत्पन्न २१ पौंडांपर्यंत असेल तर पूर्ण पाच शिलिंग, त्याहून अधिक असेल तर कमी, आणि साडेएकतीस पौंडांच्या पुढे काहीच नाही. हप्ता मात्र कोणालाही भरायचा नव्हता. ज्या विधवेने आयुष्यभर लोकांची धुणी धुतली, पण विम्याचा हप्ता कधी भरला नाही, तिलाही हक्क मिळाला.

१३/ अटी होत्याच. नुकताच तुरुंगवास भोगलेला नको, काम टाळण्याची सवय असलेला नको, आणि गरीब-निधीतून मदत घेणारा सुरुवातीला तर नकोच. ही शेवटची अट १९१० अखेर संपली. परंतु सर्वांत दूरदर्शी निर्णय होता पैसे कोठून द्यायचे याचा. गरिबांच्या मंडळाच्या कचेरीतून नव्हे, तर टपाल कार्यालयातून! जेथे सगळे गाव तिकिटे घ्यायला जाते, तेथेच वृद्ध आपले पैसे घेणार. बाहीवरच्या त्या जुन्या अक्षराला दोनशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

१४/ आता इतिहासप्रेमींना आवडेल असा एक प्रसंग. आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाली. मग १९०९ मध्ये सत्तरीचा पुरावा आणायचा कोठून? तेथे एक कसोटी प्रसिद्ध झाली : ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ आठवते का? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री भयंकर वादळाने बेटाची दैना केली होती. ते वादळ आठवते असे सांगणारा माणूस उघडच सत्तरीपुढचा. अर्थात निवृत्तिवेतन मिळणार म्हटल्यावर त्या रात्रीची आठवण असलेल्यांची संख्या चांगलीच वाढली! आपल्याकडेही ‘मी पानशेतच्या पुराच्या वर्षीची’ किंवा ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होतो’ असे सांगणारे लोक असतातच. कागद नसतो तेथे आपत्ती पंचांगाचे काम करते.

१५/ परिणाम काय झाला? १९११ नंतर सत्तरीपुढील ‘बाहेरचे साहाय्य’ घेणारे जवळजवळ नाहीसे झाले. ते निवृत्तिवेतनाकडे वळले. मुलीच्या घरी राहणारी आजी आता भाड्यात वाटा उचलू लागली; ती ओझे राहिली नाही. पण वर्कहाउसच्या आतील वृद्धांची संख्या तेवढी घटली नाही. का? कारण आत उरलेल्यांना केवळ पैशाची गरज नव्हती. त्यांना उठवून बसवणारा, पाणी भरून देणारा, चूल पेटवणारा हात हवा होता. पाच शिलिंग घराचे भाडे भरू शकतात; घसरून पडलेल्याला उठवू शकत नाहीत. घरी राहण्याचा पुढला अध्याय या हातांचा आहे.

१६/ १९३५. लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचे जुने वर्कहाउस-रुग्णालय सोपवले गेले. तेथील ७१४ रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे आली. वर्षानुवर्षे खाटेवर पडून असलेली माणसे, ज्यांची नीट तपासणीच कधी झाली नव्हती. वॉरनबाईंनी प्रत्येकाला तपासले, गट केले, उपचार व व्यायाम सुरू केले, वॉर्डांत उजेड आणला, चालताना धरता येतील असे आधार दिले. अनेक जण उठले, चालले, आणि काही घरी गेले. त्यांचा निष्कर्ष आजही भिंतीवर लावावा असा आहे : पुष्कळांना वार्धक्याने नव्हे, खाटेने पंगू केले होते. सांधे आखडतात, स्नायू झिजतात, पाठीला व्रण पडतात. आणि मग हेच म्हातारपण म्हणून मान्य केले जाते.

१७/ दुसऱ्या महायुद्धाने दुसरा धडा दिला. बॉम्बहल्ले, स्थलांतर, कारखान्यांत गेलेल्या सुना-मुली. घरी एकटे उरले वृद्ध. १९३८ मध्ये लेडी रीडिंग यांनी स्थापलेल्या महिला स्वयंसेवा दलाने १९४३ मध्ये हर्टफर्डशर काउंटीत वृद्धांच्या दारी गरम जेवण पोहोचवायला सुरुवात केली. जेवण बाबागाड्यांतून नेले जाई आणि ऊब टिकावी म्हणून भोवती पेंढा भरलेला असे. बाळंतिणींसाठी असलेली ‘घरकामाची मदतनीस’ ही योजना १९४४ च्या अखेरीस आजारी व वृद्धांनाही खुली झाली. झाडू, भांडी, बाजारहाट, विस्तव; आणि दिवसातून एकदा कोणीतरी दार उघडून आत डोकावणे. सुरक्षितता म्हणतात ती अनेकदा एवढीच असते.

१८/ १९४८ मध्ये राष्ट्रीय साहाय्य कायद्याने एलिझाबेथकालीन गरीब-कायद्याचा शेवट केला. प्रौढ मुलांवरची आईवडिलांच्या पोषणाची कायदेशीर सक्तीही त्याबरोबर गेली. पण एक मोठी त्रुटी राहिली. स्थानिक मंडळांवर वृद्धांसाठी निवासगृहे पुरवण्याचे कर्तव्य होते. घरी मदतनीस पाठवण्याचा मात्र केवळ अधिकार होता, बंधन नव्हते. दारी जेवण पोहोचवण्याचा तर थेट अधिकारही मंडळांना १९६२ मध्ये मिळाला. तोवर भिस्त स्वयंसेवकांवर. जेथे कर्तव्य असते तेथे अंदाजपत्रक वळते. इमारतींना पैसा मिळाला, हातांना उरलासुरला.

१९/ त्याच कायद्याचे ४७ वे कलमही वाचण्याजोगे आहे. वृद्ध किंवा आजारी व्यक्ती अस्वच्छ स्थितीत राहत असेल व स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर न्यायाधीशाच्या हुकमाने तिला सक्तीने घरातून हलवता येई. हेतू रक्षणाचा, पण एखादी विक्षिप्त, हट्टी, मांजरांनी भरलेल्या घरात राहणारी म्हातारी स्वतःच्या मर्जीने तशी राहत असेल तर? सुरक्षितता मोठी की स्वातंत्र्य? इंग्लंडमध्ये हे कलम रद्द व्हायला २०१४ चा कायदा यावा लागला. वृद्धांच्या इतिहासातील सर्वांत अवघड प्रश्न आजही हाच आहे.

२०/ १९५० च्या दशकाच्या अखेरीस समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड-वेल्समधील १७३ वृद्धाश्रमांना भेटी दिल्या. १९६२ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाने दाखवले की गरीब-कायदा मेला तरी त्याच्या भिंती उभ्या आहेत. हजारो वृद्ध जुन्या वर्कहाउसच्याच इमारतींत राहत आहेत, आणि त्यांतील बरेच जण थोडी मदत मिळाली असती तर घरी राहू शकले असते. त्याच दशकात सैन्यातील मेजर रिचर्ड कार-गॉम यांनी नोकरी सोडली आणि लंडनच्या बर्मंडसी भागात घरकामाचे मदतनीस म्हणून फरशा घासायला सुरुवात केली. एकाकी वृद्धांची घरे पाहून त्यांनी छोटी सामायिक घरे उभारली : प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वतःचे सामान, जेवणाला मात्र सोबत. १९५६ मध्ये त्यातून अ‍ॅबीफील्ड ही संस्था जन्मली.

२१/ घरकामाची मदत हे स्थानिक मंडळांचे कर्तव्य ठरवणारा कायदा १९६८ मध्ये झाला आणि ते १९७१ मध्ये लागू झाले. १९७० मध्ये खासदार आल्फ मॉरिस यांच्या विधेयकातून आणखी एक कायदा आला. दीर्घ आजारी व अपंग व्यक्तींच्या घरात फेरबदल करणे, जेवण पोहोचवणे, दूरध्वनी मिळवून देणे या गोष्टी त्यात होत्या. न्हाणीघरातील लोखंडी दांडा, पायरीऐवजी उतार, उंच केलेले आसन : या वस्तू कोणत्याही संग्रहालयात ठेवत नाहीत. पण १६०१ पासूनच्या वादाचे सर्वांत ठोस उत्तर त्यांच्यातच आहे. माणसाला घराबाहेर काढण्याऐवजी घरच माणसाच्या मापाचे करायचे.

२२/ आणि आपण? आपल्या संविधानाचे ४१ वे कलम वार्धक्यात सार्वजनिक साहाय्याचा निर्देश देते. महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाले. तेव्हाची केंद्राची रक्कम महिना ७५ रुपये. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना मांडली. म्हणजे एका बाजूला १६०१ चे नातेवाईकांचे कलम, दुसऱ्या बाजूला इमारत. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे घरी येणारा मदतीचा हात, त्या कायद्याच्या मूळ मजकुरात जवळजवळ रिकामी आहे.

२३/ ही रिकामी जागा आपल्याकडे बहुधा सुना, मुली, शेजारणी आणि कामाला येणाऱ्या मावशी भरून काढतात. सतराव्या शतकातील पॅरिशच्या वहीत त्या शेजारणीचे पेन्स तरी लिहिलेले आहेत; आपल्याकडच्या किती हिशेबांत या बायकांची नोंद सापडेल? भविष्यातील इतिहासकाराला आपले म्हातारपण कसे होते हे शोधायचे असेल, तर वृद्धाश्रमांच्या नोंदवह्या त्याला मिळतील. घरी राहिलेल्यांचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवला तरच उरेल.

२४/ म्हणून शेवटी एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. तुमचा जन्म कोणत्या पुराच्या, दुष्काळाच्या, साथीच्या वर्षीचा, हे विचारा. त्यांच्या आजीला म्हातारपणी कोणी सांभाळले, कोठे, कशाच्या जोरावर, हेही विचारा आणि लिहून घ्या. उठताना न्हाणीघराकडे एक नजर टाका. फरशी ओली असेल आणि धरायला काही नसेल, तर मार्जोरी वॉरन यांनी १९३५ मध्ये सुरू केलेले काम तुमच्या घरात अजून व्हायचे आहे.

(थ्रेड समाप्त.)